खडकवासला ते उजनी: पाणी धोरणाचं पहिलं कलम कोणतं लिहाल?

वेशीपलीकडे (धागाकर्ता)

धरणातल्या पाण्याचं वाटप ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीची बैठक जवळ आली की वर्तमानपत्रांत ठरलेल्या दोन बातम्या येतात. शहर आवृत्तीत 'पुण्यावर पाणीकपातीचं सावट', ग्रामीण आवृत्तीत 'पुण्याने आमचं पाणी पळवलं'. धरणं तीच, साठा तोच. बैठकीत पालकमंत्री दोन्ही बाजूंचं ऐकतात, मधला कुठलातरी आकडा निघतो, चहा होतो आणि पुढच्या वर्षी तेच.

मुळातला हिशोब आधी मांडतो. खडकवासला साखळीत चार धरणं. वरसगाव १२.८२ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि ज्याच्या नावाने सगळं चालतं ते खडकवासला जेमतेम १.९७. बेरीज २९.१५. एवढ्यात पुणे शहर, हवेली, दौंड, इंदापूर, कालव्यावरचे उद्योग, वाटेतल्या नळयोजना, जनाई-शिरसाई उपसा आणि बाष्पीभवन. एकटं शहर वर्षाला १८ टीएमसीच्या वर उचलतं. भामा आसखेड धरणातून येणारे २.६७ टीएमसी त्यात धरलेले नाहीत.

आता १८ टीएमसी म्हणजे रोजचे साधारण १,४०० दशलक्ष लिटर. पन्नास लाख माणसं धरली तरी माणशी २८० लिटर होतात. मानक आहे १३५-१५० चं. मग पुण्यात प्रत्येक जण दिवसातून दोनदा टबात बसतो का? तर नाही. कुठे गळतं, कुठे मुरतं, कुठे चोरीला जातं आणि कुठे माणसं मोजलेलीच नसतात. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्द ३१ लाखांची होती. त्यानंतर हद्दीत आधी ११ आणि मग २३ गावं आली, जनगणना मात्र आली नाही. त्यामुळे लोकसंख्या किती यावरच जलसंपदा आणि महापालिका यांचं जमत नाही, पुढचं सोडाच.

तर प्रश्न असा. समजा टेमघरच्या माथ्यापासून खाली भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यापर्यंत एकाच खोऱ्याचं धोरण लिहायला तुम्हाला बसवलं. पहिलं कलम काय लिहाल? अट एकच, 'जनजागृती करावी' हे उत्तर चालणार नाही.

माझं कलम परतीच्या पाण्याचं आहे. कृष्णा खोऱ्याच्या बच्छावत लवादाने (१९७६) हिशोबासाठी एक नियम घातला होता: शहराने उचललेल्या पाण्यापैकी फक्त २० टक्के 'वापर' धरायचा. उरलेलं ८० टक्के नदीत परत येतं हे गृहीत. पुण्याला लावून बघा. १८ च्या ८० टक्के म्हणजे १४ टीएमसीच्या वर. पानशेत आणि टेमघर या दोन्ही धरणांच्या बेरजेएवढं पाणी दरवर्षी आपल्या गटारांतून वाहतंय आणि त्याच्यावर कुणाचं नाव नाही. भांडण सगळं २९ टीएमसीचं, या १४ बद्दल चकार शब्द नाही.

पेठेतला नळ

पहिलं कलम: पेठांना हात लावू नये. दुसरं कलम: पहिलं कलम बदलू नये.

विनोद सोडा. कात्रजहून नानासाहेब पेशव्यांनी नळ आणला तेव्हा हवा सोडायला उच्छ्वास बांधले, हौद बांधले, आणि हौदावर कोण किती घागरी भरतो ते हौदाजवळच्या प्रत्येकाला दिसत होतं. आज माझ्या घरी पाणीपट्टी घराच्या करपात्र किमतीवर येते. मी सकाळी मोटार लावून अंगण धुतलं काय नि बादलीने धुतलं काय, बिल तेवढंच. मीटर बसले म्हणतात. बसले आहेत, बसूनच आहेत.

टेलवाला

मी दौंडच्या खालचा. मुठा उजवा कालवा २०२ किलोमीटरचा आहे, आम्ही त्याच्या शेपटाला. त्यामुळे शहरातल्या मंडळींच्या आकडेमोडीत आमचा नंबर कायम शेवटच्या ओळीत.

तुम्ही १८ टीएमसी, १४ टीएमसी म्हणता. आम्हाला टीएमसी कळत नाही असं नाही, पण आमचं पीक तारखेवर जगतं. रब्बीचं आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी) १५ डिसेंबरला सुटणार म्हणून ज्वारी-हरभऱ्याची तयारी केली आणि पाणी आलं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, तर ते पाणी किती आलं याला अर्थ उरत नाही. वर चारीची दारं मोडलेली, काठावर मोटारी टाकलेल्या, आवर्तनात काठाची वीज तोडायचा आदेश निघतो आणि जनरेटर सुरू होतात. टेलला येईस्तोवर पाट नुसता ओला. पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म मात्र आम्ही वेळेवर भरलेला असतो, त्याची पावती दाखवू शकतो.

आणि आता कुणीतरी विचारेलच की ऊस का लावता. म्हणून आधीच सांगतो. ऊस पंधरा-वीस दिवसांचा ताण सोसतो. काकडी, टोमॅटो, कांदा सोसत नाही. पाण्याची तारीख पक्की नसली की माणूस असं पीक लावतो जे तारीख चुकली तरी मरत नाही आणि ज्याला कारखान्याचा भाव ठरलेला आहे. उसाला शिव्या घालण्याआधी आवर्तनाचं वेळापत्रक पाळून दाखवा, निम्मा ऊस आपोआप कमी होतो की नाही बघा. ठिबक आम्हीही केलंय, पण ठिबकला रोज थोडं पाणी लागतं. कालवा दोन महिन्यांनी एकदा येतो. मधल्या दिवसांसाठी विहीर किंवा शेततळं हवं आणि ते ज्याला परवडलं त्याचंच ठिबक चालतं.

माझं पहिलं कलम: वाईट वर्षी कुणाची कपात किती, हे १५ ऑक्टोबरला ठरलेलं असलं पाहिजे. मार्चमध्ये नाही. मार्चमध्ये शहराची तहान फोटोत दिसते, आमचं शिवार दिसत नाही.

वेशीपलीकडे

टेलवाला, १५ ऑक्टोबर ही तारीख तुम्ही हवेतून काढलेली नाही हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. गोदावरीत नेमकं हेच झालं. नगर-नाशिकची धरणं भरलेली आणि खाली जायकवाडी कोरडी, या भांडणातून मेंढेगिरी समितीने तक्ता तयार केला आणि २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून किती सोडायचं ते तक्त्यात बघायचं. त्यानंतर मोर्चे थांबले नाहीत, कोर्टबाजीही नाही, पण भांडणाला एक कागद मिळाला. मुठा खोऱ्यात तसा कागद का नसावा? इथे तर वरचा आणि खालचा एकाच जिल्ह्यातले, एकाच पालकमंत्र्याच्या हाताखाली.

सूसची सून

शहर आणि शेतकरी असं भांडण छान रंगतंय, आम्ही दोन्हीत नाही. आम्ही 'समाविष्ट गावं'. महापालिकेचा कर भरतो, पाणी टँकरचं पितो.

आमच्या सोसायटीच्या फाटकावर उन्हाळ्यात सकाळी टँकरची रांग असते. टँकरवाला नळी टाकीत सोडतो, वॉचमन वहीत खूण करतो, आणि टँकर निम्मा भरलेला होता का पूर्ण हे बघायला वर कोण चढणार? पाणी कुठून आणलं विचारलं तर 'विहिरीचं आहे, गोड आहे' एवढंच उत्तर. कुठली विहीर? कुणाची? त्या विहिरीशेजारच्या शेतकऱ्याला काय उरलं? कुणालाच माहीत नाही. धोरणाच्या कुठल्याच तक्त्यात हे पाणी नाही. धरणातून गेलं नाही म्हणून जलसंपदा मोजत नाही, नळातून आलं नाही म्हणून महापालिका मोजत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण निघाले तेव्हा नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं देशभर गेली. खडकवासला धरणाच्या अगदी पायथ्याची गावं! तेव्हा कुठे लोकांना कळलं की विहिरीतल्या पाण्यात नुसतं क्लोरीन टाकून ते घरोघर सोडलं जात होतं. माझी नणंद तिथे राहते, त्या महिन्यात घरातलं प्रत्येक भांडं पाणी उकळण्यात गुंतलेलं.

म्हणून माझं कलम: बांधकाम परवानगीच्या आधी पाणी. 'महापालिकेचं पाणी येईपर्यंत व्यवस्था विकसक करील' या हमीपत्रावर भोगवटा पत्र देणं बंद. हे हमीपत्र आमच्याही फायलीत आहे. विकसकाने व्यवस्था केली, टँकरवाल्याचा फोन नंबर दिला.

काळा पाषाण

सूसची सून यांनी जे सांगितलं तेच भूगर्भाच्या बाजूने सांगतो. जरा लांब होईल.

आपल्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट. लाव्ह्याचे थर एकावर एक. घट्ट थरात पाणी मुरत नाही, भेगाळलेल्या आणि सच्छिद्र थरात मुरतं. त्यामुळे भूजल म्हणजे जमिनीखाली पसरलेला समुद्र असं काही नसतं, छोट्या छोट्या कप्प्यांत अडकलेलं पाणी असतं. एका सोसायटीची बोअर साठ फुटांवर लागते, भिंतीपलीकडच्या सोसायटीत पाचशे फूट जाऊन धूळ. लोक मग नारळ हातात धरून पाणी सांगणारा पायाळू बोलावतात. पायाळूला दोष नाही, पण कप्पा रिकामा झाला की नारळ उभा राहिला काय आणि आडवा राहिला काय.

महत्त्वाची गोष्ट अशी की हे कप्पे गावाची हद्द, वॉर्ड, तालुका काही ओळखत नाहीत. बावधन-भूगावच्या टेकडीवर जे मुरतं ते रामनदीत आणि पाषाणच्या बाजूला झऱ्यांनी येतं. टेकडी फोडून उतारावर इमारती बांधल्या की मुरणं थांबतं, आणि पावसाळ्यात तेच पाणी ओढ्यातून एकदम खाली येतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जे केलं ते धरणाच्या पाण्याने केलेलं नव्हतं. त्या रात्री धरण नाही, कात्रजच्या उतारावरचा पाऊस वाहत होता.

आता वादाचा मुद्दा. गळती. वर सगळ्यांनी गळती म्हणजे नुकसान असं धरलंय. कुणाचं नुकसान? खडकवासला ते फुरसुंगी बोगदा करायचा घाट आहे. उघड्या कालव्यातली गळती, चोरी, बाष्पीभवन थांबून दोन-अडीच टीएमसी वाचतील असं सांगतात. २७ सप्टेंबर २०१८ ला जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलापर्यंत घरांत पाणी घुसलं, तेव्हापासून शहरातून उघडा कालवा नको हे पटतंही. पण त्या कालव्याच्या पाझरावर हडपसरपासून पुढे काठच्या विहिरी जगतात. बोगद्यात पाणी गेलं की त्या विहिरींचं काय? एका वहीत जी 'बचत' लिहाल ती दुसऱ्या वहीत 'विहीर आटली' म्हणून लिहावी लागेल. बाष्पीभवन वाचलं तर ते खरोखर वाचलं. चोरी थांबली तर ते पाणी एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. पाझर थांबला तर जमिनीवरचं वाढलं आणि जमिनीखालचं घटलं. हे तीन वेगळे आकडे आहेत आणि प्रकल्प अहवालात तिन्ही मिळून एकच 'बचत' होते.

भूजलाचा कायदा २००९ चा आहे, अंमलात २०१४ मध्ये आला. अधिसूचित क्षेत्र, विहिरींची नोंदणी, खोल बोअरवर बंधन, सगळं त्यात आहे. टँकर भरणाऱ्या विहिरींची नोंदणी एवढं एक जरी केलं तरी या धाग्यातला निम्मा अंधार जाईल. माझं पहिलं कलम तेच.

पेठेतला नळ

बोगद्याच्या बाबतीत एक गोष्ट पाषाणरावांनी सभ्यपणाने टाळली. कालवा बंद झाला की स्वारगेटपासून हडपसरपर्यंत शहराच्या मधोमध लांबलचक पट्टी मोकळी होते. पाणी किती वाचेल याबद्दल दुमत असेल, जागा किती वाचेल याबद्दल कुणाचंच दुमत नाही!

मोसे खोरं

वरसगावच्या पाण्याखाली आमचं गाव आहे. काही घरं दौंडकडे लाभक्षेत्रात जमिनी मिळाल्या म्हणून गेली, आम्ही काठावर वर सरकलो. म्हणजे टेलवाल्यांच्या शेजारी माझे चुलते असतील, आणि मी इथे धरणाच्या डोक्यावर.

इथे पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो. दौंडला पाचशेच्या आतबाहेर. आणि तरीही एप्रिल-मे मध्ये आमच्या वाड्यावस्त्यांवर बायका झऱ्यावर वाटीने पाणी भरतात. खाली बघावं तर पाणीच पाणी. ते उचलायला परवानगी, पंप, वीज, पैसा चारही लागतं. पुणे शहराला चाळीस किलोमीटर नेता येतं, आम्हाला चारशे फूट वर चढवता येत नाही.

हल्ली नवीन प्रकार. खडकवासला, पानशेतच्या काठाने फार्महाऊस, हॉटेलं, टेंटवाले. शनिवार-रविवारी शहर आमच्याकडे येतं. त्यांचं सांडपाणी कुठे जातं ते मला विचारू नका, उतार कुठल्या दिशेला आहे ते बघा. तुम्ही शुद्धीकरणावर कोटी घालता आणि उगमात हे.

पहिलं कलम मला लिहायला दिलं तर: पाणलोटातल्या गावांचा हिस्सा आधी काढून ठेवायचा. फार नाही. सगळ्या वाड्यांचं मिळून एक टीएमसीचा बारीकसा तुकडा होईल. आकड्यात दिसणारही नाही, म्हणूनच कुणी देत नाही.

भीमाकाठ

उजनीवरून बोलतो. तुम्ही सगळे 'पाणी कमी' म्हणताय. आमच्याकडे पुण्याचं पाणी भरपूर येतं हो. रंगासकट, वासासकट.

उजनी ११७ टीएमसीची, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचं पाणी. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात गेलं की वर्षानुवर्षं तळाला बसलेलं सगळं त्यात असतं. जलपर्णी एवढी की होडी पुढे सरकत नाही. सोलापूर शहर हेच पितं. माझा भाऊ मासेमारी करतो. त्याच्या जाळ्यात पूर्वी मरळ, शिंगाडा यायचे, आता चिलापीच चिलापी. माझं कलम: वरच्या शहराचा पाणी कोटा त्याने खाली काय सोडलं त्यावर ठरवा. घाण सोडली की पुढच्या वर्षी कोटा कमी. दंड नको. दंड महापालिका भरते, म्हणजे करदाते भरतात, म्हणजे कुणीच भरत नाही.

सोसायटीचा सेक्रेटरी

घाण सोडण्याचा विषय निघालाच आहे तर आतली गोष्ट सांगतो, हद्दीतल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत थोड्याफार फरकाने हेच आढळेल.

आमच्याकडे तळघरात एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र, आहे. मोठ्या प्रकल्पाला तो नियमाने करावाच लागतो, त्याशिवाय परवानगी नाही. दुहेरी नळजोडणीही आहे, फ्लशला एसटीपीचं पाणी यायला हवं. पहिल्या वर्षी यायचं. मग पिवळट यायला लागलं, वास यायला लागला, पाहुण्यांसमोर लाज वाटते अशी तक्रार सर्वसाधारण सभेत झाली. टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा आवाज पहिल्या मजल्यावर येतो म्हणून रात्री तो बंद ठेवायचा ठराव झाला. आता त्या टाकीतले जिवाणू हवेवर जगतात. रात्रभर हवा बंद केली की सकाळपर्यंत ते मरायला टेकतात, आणि मग पाणी आणखी काळं, आणखी वास. शेवटी फ्लशला टँकरचं पाणी जोडलं आणि एसटीपीचं पाणी गुपचूप ड्रेनेजला. विजेचं बिल मात्र चालू, कारण कुणी तपासायला आलं तर यंत्र फिरताना दिसलं पाहिजे.

यात कुणी खलनायक नाही. ऑपरेटरला कुणी शिकवलं नाही, सभासदांना देखभाल खर्च वाढवायचा नाही. पण अशा शेकडो सोसायट्या धरल्या तर कागदावर पुण्यात प्रचंड पुनर्वापर चालू आहे. धोरण त्या कागदावरून लिहिलं जातं.

टेलवाला

वाचून हसू आलं आणि लगेच गेलं. कारण तेच पाणी आमच्या अंगावर येतं.

मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) जुन्या बेबी कालव्यात शहराने वर्षाला साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी सोडायचं, आणि त्या बदल्यात धरणातून जास्त उचलायचं, असा व्यवहार. कागदावर अगदी रास्त. शहराला ताजं, शेतीला वापरलेलं पण स्वच्छ. पिकाला तर त्यातला नत्र फायद्याचाच. पण प्रक्रिया केलेलं म्हणजे काय ते कालव्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. फेस दाराला येऊन थटतो. पांढरा, पुरुषभर उंचीचा, वाऱ्याने उडून उसाच्या पानांवर चिकटतो. त्या पाण्यात उतरून दार फिरवणाऱ्याच्या पायाला खाज. विहिरींनाही तेच पाझरतं, म्हणून पाषाणराव म्हणतात तो पाझर आमच्याकडे आशीर्वादही आहे आणि शापही.

वेशीपलीकडे, तुमचे १४ टीएमसी मला हवेत. पण त्यांना हिशोबात धरून धरणातलं माझं पाणी तुम्ही आज कापणार आणि स्वच्छ पाणी उद्या देणार, हा सौदा आम्ही एकदा बघितलाय.

वेशीपलीकडे

अगदी बरोबर हरकत आहे. मग क्रम उलटा लिहू. परतीचं पाणी ठरलेल्या दर्जाचं आणि ठरलेल्या मापाचं आलं तरच ते शहराच्या खात्यात जमा. जे आलं नाही किंवा घाण आलं ते जमेत धरायचं नाही, आणि तेवढी कपात शहराच्या धरणातल्या कोट्यात. भीमाकाठ यांचंही हेच म्हणणं आहे. जपानच्या कर्जातून रोज एकूण ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची सांडपाणी शुद्धीकरणाची ११ केंद्रं करायची ठरली. करार २०१६ चा. तोवर शहराची लोकसंख्या आणि सांडपाणी कुठच्या कुठे गेलं.

नवा सभासद

एक शंका. मुळशीचं पाणी पुण्याला का देत नाहीत? तिकडे एवढं मोठं धरण आहे ना?

पेठेतला नळ

घ्या, निघाली मुळशी. प्रत्येक पाण्याच्या धाग्यावर तिसाव्या प्रतिसादाच्या आत निघतेच.

वेशीपलीकडे

थोडक्यात: मुळशी टाटांचं वीजधरण. पाणी पश्चिमेला बोगद्याने कोकणात भिऱ्याला उतरतं, वीज होते, पुढे समुद्राकडे. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला तो याच धरणाविरुद्ध, तेव्हा खोरं बुडणाऱ्यांचा प्रश्न होता. आज पूर्वेकडे वळवा ही मागणी अधूनमधून होते. पण मला नेहमी वाटतं की नवीन धरणाकडे बोट दाखवणं हा हातातल्या धरणाचा हिशोब न देण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. भामा आसखेड आलं, पूर्वेच्या उपनगरांना पाणी मिळालं, चांगलं झालं. पण खडकवासल्यातली उचल तेवढ्याने कमी झाली का?

आणि दुसऱ्याच्या खोऱ्यात नळ टाकायला जाताना मावळ आठवावं. पवनेची बंद जलवाहिनी पिंपरी-चिंचवडला न्यायची होती. ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर बऊरला आंदोलन, गोळीबार, तीन शेतकरी गेले. तिथेही पाण्याच्या हिश्श्याबद्दल आधी बसून काही ठरलेलं नव्हतं.

कागदी घोडा

सरकारी नोकरीत हयात गेली, म्हणून जरा कोरडं बोलतो. वर लिहिलेली बहुतेक कलमं आजच कायद्यात आहेत.

पाण्याचे हक्क ठरवणं आणि टंचाईत वाटप करणं: जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा, २००५. शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना मोजून पाणी देणं: सिंचन पद्धतीचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन कायदा, तोही २००५. भूजल: वर आलंच. पिण्याला पहिला आणि शेतीला दुसरा प्राधान्यक्रम: २००३ च्या जलनीतीत उद्योग दुसरा होता, तो २०११ मध्ये शेतीच्या मागे गेला. पूररेषा: निळी २५ वर्षांच्या पुराची, लाल १०० वर्षांची, नकाशे आहेत. तरी २५ जुलै २०२४ ला पुण्यात नदीकाठच्या एकतानगरीत माणसं होड्यांनी काढावी लागली.

त्यामुळे नवीन कलम लिहिण्यात मला फारसा रस नाही. कमतरता आहे ती मापाची आणि सहीची. खडकवासल्यातून शहराने किती उचललं याचा महापालिकेचा आकडा वेगळा आणि जलसंपदेचा वेगळा. दोघांचे मीटर वेगळे, दोघांची वेळ वेगळी, वाद कायमचा. मी नोकरीत असताना दोन खात्यांचे अभियंते एकाच पाइपापाशी उभे राहून दोन आकडे लिहून घेताना पाहिले आहेत, आणि दोघंही प्रामाणिक होते.

म्हणून माझं कलम कंटाळवाणं आहे. खोऱ्यात पाच ठिकाणी माप: धरणाची उचल, पर्वतीच्या जलकेंद्राची आवक, फुरसुंगीला कालव्यात किती पोचलं, मुंढव्याला किती आणि कसं सोडलं, आणि मुळा-मुठा भीमेला मिळण्याआधी किती आणि कशी होती. प्रत्येक आकड्यावर दोन्ही खात्यांच्या आणि पाणी वापर संस्थेच्या एका प्रतिनिधीची सही. दर आठवड्याला प्रसिद्ध. त्यानंतर १५ ऑक्टोबरचा तक्ता करा, कोटा कापा, काय हवं ते करा. मापाशिवाय तक्ता केलात तर पहिल्याच वर्षी दोघंही कोर्टात जातील आणि दोघांकडे पुरावा असेल.

सूसची सून

पाचांत सहावं घाला. टँकर भरणा केंद्रं आणि विहिरी. नाहीतर परत आम्ही तक्त्याबाहेर.

मोसे खोरं

आणि सातवं आमच्या झऱ्यांचं. बरं, झऱ्यांना मीटर नको, मे महिन्यात येऊन बघा म्हणजे झालं.

कागदी घोडा

दोन्ही मान्य. झऱ्यांची नोंद ग्रामसेवकाने करायची, त्याला वेगळा निधी लागत नाही.

काळा पाषाण

घोडेराव, माप झालं तरी भूजलाचं माप आठवड्याने घेऊन उपयोग नाही, ते हंगामाने बघतात. निरीक्षण विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर, एवढं पुरे. पण बोगद्याचं काम सुरू व्हायच्या आधी काठच्या विहिरींची पातळी नोंदवून ठेवा. नंतर विहीर आटली म्हणून शेतकरी गेला तर 'आधी किती होतं दाखव' म्हणतील आणि त्याच्याकडे काही नसेल.

वेशीपलीकडे

ठीक. कालवा समितीपुढे लेखी निवेदन देता येतं. या धाग्यावरचे मुद्दे घेऊन दोन पानी मसुदा करतो: पाच मापं अधिक टँकर विहिरी, संयुक्त सही, १५ ऑक्टोबरचा कपात तक्ता, परतीच्या पाण्याची जमा-नावे, पाणलोटातल्या वाड्यांचा राखीव हिस्सा. टेलवाला, तुमच्या भागातल्या पाणी वापर संस्थेच्या लेटरहेडवर गेलं तर वजन येईल. मुंढव्याच्या पाण्याच्या दर्जासाठी बीओडीची (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मापाची) मर्यादा काय लिहायची ते पाषाणराव किंवा कुणी जाणकार सांगा.

टेलवाला

लेटरहेड देतो, अध्यक्षांशी बोललोय. फक्त बीओडीवर थांबू नका. बीओडीची बाटली प्रयोगशाळेत जाऊन उत्तर यायला तीन ते पाच दिवस लागतात, तोवर ते पाणी माझ्या शेतात मुरलेलं असतं. फेस दिसला की मुंढव्याचं दार त्याच दिवशी बंद करायचा अधिकार कुणाला, त्याचं पद आणि मोबाइल नंबर, हे कलम वर घ्या. आणि तो माणूस रविवारी फोन उचलेल का, तेही लिहून घ्या.